जुनी इलेक्ट्रिक गिटार पारखताना: काय पूर्ववत होतं आणि काय होत नाही

तुमचा प्रश्न असा आहे: ओळखीतल्या एका वादकाकडे काळ्या रंगाची, मेपल फिंगरबोर्डची फेंडर स्ट्रॅटोकास्टर आहे. ती १९७४ ची आहे, पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग) तेवढे बदललेत आणि बाकी सगळं मूळचं आहे, असं तो सांगतो. वाजवून पाहिल्यावर तुम्हाला ती आवडली. पण तो मागतोय ती रक्कम त्याच कंपनीच्या चांगल्यातल्या नव्या गिटारपेक्षा बरीच जास्त आहे. एवढे पैसे मोजावेत का, आणि त्याचं म्हणणं पडताळायचं कसं?

गिटार दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, आणि जुनी गिटार घेण्याआधी ती दाखवायला येणारे लोक नेहमीच येतात. जवळजवळ प्रत्येकाच्या मनात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. वाद्य म्हणून ही गिटार कशी आहे, हा एक. जुनी वस्तू म्हणून बाजारात तिला काय मोल आहे, हा दुसरा. संग्राहक ज्या गिटारसाठी वाटेल ती रक्कम मोजतील ती वाजवायला अगदी सामान्य असू शकते. उलट दुसऱ्यांदा रंगवलेली, हेडस्टॉक (ट्यूनर बसतात ते वरचं टोक) तुटून जोडलेली गिटार मंचावर अप्रतिम वाजू शकते. दोन्ही प्रश्नांना मी एकच कसोटी लावतो: हिच्यात जे झिजलंय, मोडलंय किंवा बदललंय, ते पूर्ववत करता येतं का? येत असेल तर त्याचा खर्च काढायचा आणि किमतीतून वजा करायचा. येत नसेल तर ते नुकसान कायमचं, आणि मग ती गिटार निराळ्या वर्गात जाते, निराळ्या भावात जाते.

ही कसोटी हातात असली की बऱ्याच गोष्टींची भीती आपोआप जाते. खरखरणारा पॉट (आवाज-टोनच्या बटणाखालचा भाग), सैल झालेला जॅक, झिजलेला नट (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती पट्टी), सुरात न राहणारे ट्यूनर, गंजलेले ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचे) स्क्रू या सगळ्या अर्ध्या दिवसाच्या कामाच्या गोष्टी आहेत. अशा गोष्टींमुळे गिटार 'मेलेली' वाटते, आणि घासाघीस न करता निघून जाणारे लोक कधीकधी फार चांगलं वाद्य सोडून जातात.

सुरुवात नेकपासून, म्हणजे फिंगरबोर्ड ज्यावर असतो त्या लांब दांड्यापासून करायची. वेळेचा मोठा भाग इथेच घालवा, कारण वाद्य म्हणून गिटारचं भवितव्य नेकवर ठरतं. आधी तारा नेहमीच्या सुरात लावा. गिटार आडवी धरून हेडस्टॉककडून बॉडीच्या दिशेने फिंगरबोर्डच्या एका कडेवरून नजर टाका, मग दुसऱ्या कडेवरून. दोन्ही कडा एकसारख्या वाकलेल्या असतील तर काळजी नाही. तारांच्या ओढीने नेक थोडा पुढे झुकतोच आणि तसा तो झुकायलाही हवा. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली दिसली तर नेकला पीळ पडलाय. थोडा पीळ फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढून, फिंगरबोर्ड रंधून सुधारता येतो. जास्त असेल तर ती गिटार सोडून द्या, मग ती कोणत्याही सालातली असो.

झुकाव मोजायला साधी युक्ती आहे. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर जाड तार दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. ०.१५ ते ०.३० मिलिमीटर असेल तर उत्तम. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, नेकचा झुकाव सांभाळणारी धातूची सळई) आवळून ती कमी होते का ते पाहायचं, मालकाच्या परवानगीने, पाव फेरा, त्याहून जास्त नाही. १९७१ नंतरच्या स्ट्रॅटला (स्ट्रॅटोकास्टरला) हा रॉड हेडस्टॉकवरूनच अ‍ॅलन कीने फिरवता येतो, बंदुकीच्या गोळीसारखं त्याचं टोक नटच्या मागे बाहेर दिसतं. त्याआधीच्या फेंडरमध्ये तो नेकच्या खालच्या टोकाला असल्यामुळे नेक सैल केल्याशिवाय फिरवता येत नाही. रॉडची चाकी आधीच शेवटपर्यंत आवळलेली असेल आणि तरी नेक झुकलेलाच असेल, तर सावध व्हा. पुष्कळदा चाकीखालचं लाकूड दबलेलं असतं आणि एखादा वॉशर घालून काम भागतं. पण रॉडच तुटला असेल किंवा आटे गेले असतील तर दुरुस्ती मोठी आहे.

आणखी एक दोष जुन्या, स्क्रूने जोडलेल्या नेकमध्ये नेहमी सापडतो: बॉडीवरचा फिंगरबोर्डचा शेवटचा भाग किंचित वर उचललेला असतो. त्यामुळे बाराव्या फ्रेटच्या पुढे तारा खणखणतात, आणि ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर घेतली की खालची बाजू दाबायला जड जाते. तिथले फ्रेट घासून किंवा नव्याने फ्रेट घालताना हे दुरुस्त होतं. एक खुलासा इथेच करतो. जुन्या फेंडरच्या फिंगरबोर्डचा गोलावा ७.२५ इंच त्रिज्येचा, म्हणजे बराच गोल असतो. गिब्सन या दुसऱ्या मोठ्या कंपनीचा १२ इंच, बराच सपाट. ॲक्शन खूप खाली असताना वरच्या फ्रेटवर बारीक तार जोरात ओढली आणि सूर मरून गेला, तर तो या गिटारचा दोष मानू नका. तो त्या गोलाव्याचा स्वभाव आहे. तार थोडी वर घ्या आणि परत ओढून बघा.

फ्रेट किती उरलेत ते पहिल्या पाच फ्रेटवर बघा, कारण बहुतेक वादकांचा हात तिथेच असतो. उंची ०.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर नवे फ्रेट घालायची वेळ आली आहे असं समजा. रोजवूडच्या फिंगरबोर्डवर हे काम सरळ आहे. तुमच्या गिटारसारख्या मेपल बोर्डवर फ्रेटच्या कडेपर्यंत लॅकर चढलेलं असतं, ते फ्रेट काढताना टवके होऊन उडतं आणि नंतर सगळं निस्तरावं लागतं, म्हणून मजुरी जास्त. आधी कुणी फ्रेट बदलले असतील तर त्याचा मला आनंदच होतो, जर काम नीट झालं असेल. वाजवलेल्या गिटारचे फ्रेट झिजणारच, आणि चांगल्या हातांनी बदललेल्या फ्रेटमुळे किमतीत फारशी घट होऊ नये. पन्नास वर्षांची गिटार आणि कोरे मूळ फ्रेट, असं दिसलं तर मी उलट विचारतो की ही इतकी वर्षं कोणी का वाजवली नाही.

आता ॲम्प्लिफायर बंद ठेवून, गिटारला केबल न लावता, प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. कंटाळा आला तरी सगळे वाजवा. कुठे सूर मधेच मरतो, कुठे खणखणतो, कुठे तार शेजारच्या फ्रेटला टेकते ते कळेल. बॉडीवर हात ठेवून कंपनं जाणवतात का ते बघा. एखादा सूर दुसऱ्यांपेक्षा लवकर विझणं स्ट्रॅटमध्ये असतंच. अनेक सूर तसे असतील तर नेक आणि बॉडीचा जोड, नटच्या खाचा, ब्रिज या क्रमाने शोध घ्या. केबल लावल्यावरही आवाज स्वच्छ ठेवा, कुठलाही इफेक्ट नको, ॲम्पचा आवाज मध्यम. मोठ्या आवाजात आणि रिव्हर्बमध्ये कुठलीही गिटार चांगली वाटते.

हेडस्टॉकबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमची गिटार फेंडर असली तरी पुढेमागे गिब्सन समोर येईलच. गिब्सनचा हेडस्टॉक मागे कललेला असतो. महोगनीचा एकच तुकडा, त्यात नटच्या अगदी मागे ट्रस रॉडसाठी कोरलेली पोकळी, आणि त्या जागी लाकडाचे तंतू तिरपे तुटलेले. गिटार स्टँडवरून पाठीवर पडली की नेमकी तिथेच मोडते. १९७० च्या सुमाराला कंपनीने त्या जागी मागे लाकडाचा उंचवटा ठेवायला सुरुवात केली ती याच कारणाने. म्हणून गिब्सन हातात घेतल्यावर पहिल्यांदा ती उलटी करा, नटच्या मागच्या भागावर तिरपा उजेड पाडा आणि बोटाचं नख हळूच फिरवा. केसासारखी रेघ, रंगाची बारीकशी तफावत, एकाच ठिकाणी चमक वेगळी, यातलं काहीही दिसलं तर विचारा. सरसाने नीट जोडलेला हेडस्टॉक पुढची अनेक दशकं टिकतो, आणि वाजवण्यात काडीचा फरक पडत नाही. बाजारभाव मात्र जवळपास निम्म्यावर येतो. ज्याला वाजवायलाच हवी आहे, आणि पुढे विकताना तोच भाव मिळेल हे ज्याला मान्य आहे, अशा माणसाला मी जोडलेल्या हेडस्टॉकची गिब्सन मनापासून सुचवतो. फेंडरचा हेडस्टॉक सरळ, नेकच्याच पातळीत असतो, त्यामुळे तो क्वचित मोडतो.

इथवर वाद्य झालं. आता वस्तू.

जुन्या गिटारची किंमत तिच्या मूळपणावर ठरते, आणि मूळपण आतून कळतं, बाहेरून नाही. म्हणून पिकगार्ड (तारांखालची, आतल्या पोकळ्या झाकणारी प्लॅस्टिकची पट्टी) उघडू द्यायला आणि नेक काढू द्यायला तयार नसलेल्या विक्रेत्याला मी मूळ गिटारचा भाव देऊच नका म्हणतो. त्याची नियत वाईट असेल असं नाही, त्याला स्वतःलाही आत काय आहे हे ठाऊक नसेल. पण मग त्याच्या शब्दांचेही पैसे देऊ नका.

लोक सर्वात आधी सीरियल नंबर शोधतात. तो सर्वात कच्चा पुरावा आहे. तुमच्या गिटारचा नंबर बॉडीच्या मागच्या धातूच्या पट्टीवर असेल. फेंडरने तो हेडस्टॉकवर नेला १९७६ मध्ये. त्या पट्ट्या कारखान्यात डब्यात भरलेल्या असत आणि हाताला येईल ती लावली जाई. त्यामुळे एकाच नंबरांच्या मालिकेत लागोपाठच्या दोन-तीन वर्षांच्या गिटारी सापडतात. शिवाय ती पट्टी स्क्रूंनीच बसवलेली आहे. स्क्रू काढले की दुसरी लावता येते. गिब्सनची गोष्ट आणखी गुंतागुंतीची: १९६० च्या दशकात त्यांचे अनेक नंबर पुन्हा पुन्हा वापरले गेले. १९७७ पासून आठ आकड्यांची पद्धत आली, त्यात पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल होतं आणि मधले तीन आकडे वर्षातला दिवस सांगतात. त्याआधीच्या गिब्सनचं साल एकट्या नंबरावरून कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकून घ्या आणि इतर खुणा बघा.

जास्त भरवशाच्या खुणा पॉटवर असतात. व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकडे उमटवलेले असतात. पहिले तीन आकडे कारखान्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. पुढचे आकडे साल आणि आठवडा. १३७७४१२ असं दिसलं तर ते सीटीएसचं, १९७४ च्या बाराव्या आठवड्यातलं. याचा अर्थ नीट समजून घ्या: गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा इतका मोठा साठा घेतला की पुढची काही वर्षं त्या सालाचे पॉट गिटारींत बसत राहिले. तुमच्या गिटारमध्ये १९७३ च्या अखेरचे किंवा १९७४ चे पॉट निघाले तर कथा जुळते. १९७८ चे निघाले तर एकतर पॉट बदललेत, नाहीतर साल चुकीचं आहे, आणि दोन्हींपैकी काय ते सोल्डरवरून कळतं. मूळ सोल्डर मळकट, सपाट, एकाच हातचं दिसतं. नंतर केलेला जोड जास्त चकचकीत, गोळ्यासारखा, आणि शेजारी प्लॅस्टिकच्या वेष्टनावर सोल्डरिंग आयर्नचा चटका. पिकअप बदललेत असं विक्रेता सांगतोच आहे, तेव्हा काही जोड नवे असणार हे धरून चला. प्रश्न एवढाच की पिकअपशी संबंध नसलेले जोडही नवे आहेत का.

नेक काढल्यावर त्याच्या टोकाला शिक्का दिसायला हवा. १९५० च्या दशकात तिथे पेन्सिलीने तारीख लिहीत, १९६२ पासून रबरी शिक्के आले, १९७० च्या दशकात शिक्क्यात आकड्यांची लांब ओळ असे. काही नेकवर शिक्का पुसट असतो, काहींवर मुळीच नसतो. तेवढ्यावरून खोटं ठरवू नका. घासून काढल्याच्या खुणा दिसल्या तर मात्र ठरवा.

खरी तपासणी म्हणजे एकही खूण एकटी न वाचणं. नेक एका सालाचा, पॉट त्याच सुमाराचे, पिकगार्ड आणि ब्रिज त्या काळाला साजेसे, असं सगळं एकाच दिशेने बोट दाखवत असेल तर विश्वास ठेवा. १९७४ च्या स्ट्रॅटबद्दल सांगायचं तर हेडस्टॉक मोठा असला पाहिजे. तो १९६५ च्या अखेरीस मोठा झाला, त्याच वर्षाच्या सुरुवातीला सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतल्यानंतर. नेक तीन स्क्रूंवर बसलेला हवा, ही पद्धत १९७१ ची. ब्रिज ओतीव धातूचा, त्याआधीसारखा वाकवलेल्या पोलादी पत्र्याच्या सॅडलचा (तारा टेकतात त्या ठोकळ्यांचा) नव्हे. पिकअप निवडायचा स्विच तीन जागांचा. पाच जागांचा स्विच कारखान्यातून १९७७ ला येऊ लागला. तुमच्या गिटारला पाच जागांचा स्विच असेल तर बिचकू नका, जवळपास प्रत्येक वादकाने तो बदल करून घेतला होता आणि तो सहज उलटवता येतो.

आणि एक खूण जी मला फार आवडते. १९६८ च्या सुमारास फेंडर बॉडीसाठी आणि नेकसाठी जाड पॉलिएस्टरकडे वळली. पण हेडस्टॉकच्या दर्शनी भागावर, जिथे नावाचं चित्र चिकटवतात, तिथे जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकरच चालू राहिलं, कारण पॉलिएस्टर त्या चित्राशी जुळत नसे. नायट्रो वयाबरोबर पिवळं पडतं, पॉलिएस्टर फारसं नाही. त्यामुळे या काळातल्या अस्सल स्ट्रॅटचा हेडस्टॉक पुढून मधासारखा पिवळसर आणि मागून, तसंच उरलेला नेक, फिकट दिसतो. सगळा नेक एकसारखा पिवळा असेल तर तो कोणीतरी पुन्हा रंगवलाय, बहुधा 'जुना' दिसावा म्हणून.

बॉडी पुन्हा रंगवली आहे का, हा किमतीतला सर्वात मोठा प्रश्न. बाजारात रूढ असा अंदाज आहे की रंग बदलला की किंमत जवळपास निम्मी होते, आणि तो रंग कितीही सुंदर काढलेला असला तरी त्यात फरक पडत नाही. हे न्याय्य आहे का, असं विचाराल तर वाजवणाऱ्याच्या दृष्टीने मुळीच नाही. पण मूळ रंग परत आणता येत नाही. दुसरा रंग चढवायला आधीचा घासलेला असतो आणि तो गेला तो गेलाच. तुमची गिटार काळी आहे आणि १९७४ ला काळा रंग कारखान्यातून मिळत होता, हे बरोबर. पण सनबर्स्ट (मध्ये पिवळी, कडेकडे गडद होत जाणारी) खराब झाली की लोक ती काळीच करून टाकत. पिकगार्डखालच्या पोकळ्यांच्या कडांवर, स्क्रूच्या भोकांत, नेक बसतो त्या खाचेत बघा. काळ्याखालून पिवळा किंवा तांबडा डोकावतोय का? स्क्रूच्या भोकांच्या आत रंग गेलाय का? बॉडीच्या कडा घासून नको तितक्या गोल झाल्यात का? टवका उडाला असेल तिथे थर जाड आणि काचेसारखा दिसला तर तो त्या काळचा पॉलिएस्टर असण्याची शक्यता वाढते.

१९६४ पर्यंतच्या फेंडरमध्ये यासाठी एक फार सुंदर पुरावा मिळतो. रंगवताना आणि वाळवताना बॉडी टेकवायला तिच्यात बारीक खिळे ठोकत, आणि रंग वाळल्यावर ते काढून टाकत. त्यामुळे पिकगार्डखाली खिळ्यांची बारीक भोकं सापडतात आणि मूळ रंगाच्या बॉडीत त्या भोकांच्या आत कोरं लाकूड दिसतं. भोकं रंगाने भरलेली असतील तर रंग नंतरचा. ही खूण नक्कल करणाऱ्यांनाही माहीत आहे, म्हणून तीही एकटी पुरेशी नाही. नायट्रोच्या गिटारींवर अतिनील दिवा उपयोगी पडतो: जुनं लॅकर हिरवट-पिवळं चमकतं, ताजी दुरुस्ती गडद डागासारखी वेगळी पडते. थंडी-उन्हाने पडलेले नायट्रोचे तडेही वाचता येतात. खरे तडे लांब, अनियमित, लॅकरच्या आत खोलवर गेलेले. ब्लेडने पाडलेले तडे फार सरळ आणि सारख्या अंतरावर. पॉलिएस्टरच्या गिटारवर असे नाजूक तडे दिसले तर रंगाबद्दल पुन्हा विचार करा.

आता बदललेले पिकअप. विक्रेता ते उघडपणे सांगतोय ही चांगली गोष्ट. त्याला विचारा की मूळचे कुठे आहेत. जुन्या पिशवीत, ॲम्पच्या मागच्या कप्प्यात, कुठेतरी असतील तर ते व्यवहारात घालून घ्या, बंद पडलेले असले तरी. मूळ पिकअप सोबत असतील तर हा बदल जवळजवळ पूर्ण उलटवता येतो आणि मोल परत येतं. नसतील तर त्या काळचे शोधून विकत घ्यायला लागणारी रक्कम वजा करा. पिकअप मल्टिमीटरने तपासता येतात: व्हॉल्यूम पूर्ण उघडून केबलच्या दुसऱ्या टोकाला रोध मोजा. स्ट्रॅटचा जुना पिकअप साधारण ५.५ ते ६.५ किलोओहम दाखवतो, गिब्सनचा जुना हंबकर (दोन कॉइलचा मोठा पिकअप) ७ ते ९ च्या आसपास. आकडा अनंताकडे गेला तर आतली तार तुटली आहे. फेंडरच्या पिकअपमध्ये ०.०६ मिलिमीटर जाडीची तार थेट चुंबकांभोवती गुंडाळलेली असते, म्हणून चुंबकांवर चढलेला गंज शेवटी तारेपर्यंत पोचतो. नव्याने गुंडाळून आवाज परत मिळतो. संग्राहकाच्या लेखी तो पिकअप मूळचा राहत नाही.

पण पिकअपपेक्षा मला काळजी आहे ती त्याखालच्या लाकडाची. १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि १९८० च्या दशकात स्ट्रॅटच्या ब्रिजजवळ हंबकर बसवायची लाट आली होती. हंबकर मोठा असतो, त्यासाठी बॉडी कोरावी लागते. पिकगार्ड नंतर मूळ प्रकारचं लावलं की बाहेरून काहीच कळत नाही. कोरलेलं लाकूड परत येत नाही. लाकूड भरून रंगवलं तरी ती दुरुस्ती म्हणूनच मोजली जाते. तुमच्या गिटारमध्ये 'पिकअप बदललेत' या दोन शब्दांच्या मागे हे दडलेलं असू शकतं, म्हणून पिकगार्ड उघडल्याशिवाय भाव ठरवू नका. तसेच हेडस्टॉकच्या मागे ट्यूनरच्या जास्तीच्या स्क्रूंची भोकं, आणि ब्रिजच्या मागे लॉकिंग ट्रेमोलोसाठी (दांड्याने सूर हलवता येणारा, तारा घट्ट धरणारा ब्रिज) कोरलेला खड्डा. भोकं लहान असतात, ती किमतीत थोडीच घट करतात. खड्डा मोठी घट करतो.

सालाबद्दलचा गाजावाजा किती मनावर घ्यायचा? १९६५ च्या आधीची फेंडर आणि १९५८ ते १९६० मधली गिब्सनची सनबर्स्ट लेस पॉल यांचे भाव वाजवण्याच्या गुणांवरून लागत नाहीत. त्या लेस पॉल मोजक्याच, साधारण दीड हजारांच्या घरात बनल्या, त्या काळात फारशा खपल्याही नाहीत, आणि दुर्मीळपणा व कीर्ती यांनी त्यांना कलावस्तूंच्या रांगेत नेलं. १९७० च्या दशकातल्या गिटारींना सरसकट वाईट म्हणायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. त्या काळात कारखान्यांतून माल फार झपाट्याने निघत होता, त्यामुळे एकसारखेपणा गेला. नेकच्या खाचेत नाणं जाईल अशी फट असलेली, साडेचार किलोच्या वर वजनाची स्ट्रॅट मिळते, आणि तिच्याच शेजारच्या महिन्यातली सुरेख, हलकी स्ट्रॅटही मिळते. म्हणून या दशकातली गिटार सालावरून नव्हे, हातात घेऊनच घ्यावी. वजनकाट्यावर ठेवा. तीन स्क्रूंच्या नेकची बदनामी झाली आहे, पण बारीक तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरत असेल तर बहुतेक वेळा स्क्रू सैल करून, नेक सरळ ढकलून, परत आवळला की काम होतं. वय वाढलं की लाकूड आपोआप गोड वाजतं यावर माझा विश्वास नाही. जुन्या गिटारींतल्या चांगल्या गिटारी लोकांनी जपल्या आणि वाजवत ठेवल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत चांगल्या अवस्थेत पोचल्या.

वाजवायलाच हवी असेल आणि पैसे मोजके असतील, तर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या जपानी गिटारी जरूर बघा. टोकाई आणि ग्रेको या कंपन्यांनी केलेल्या अमेरिकी गिटारींच्या प्रती इतक्या बारकाईने केलेल्या होत्या की फेंडरने १९८२ मध्ये जपानमध्ये भागीदारीत कंपनी उभी केली आणि मात्सुमोतोच्या फुजीगेन गाक्कीकडून गिटारी बनवून घेतल्या. फ्रेटचं काम आणि नेकचा जोड या बाबतीत त्यातल्या कितीतरी गिटारी त्याच वर्षांतल्या अमेरिकी गिटारींच्या पुढे आहेत.

कुठल्या नामवंत वादकाची गिटार म्हणून जास्त किंमत मागितली जात असेल, तर छायाचित्रांत लाकडाच्या रेषा किंवा ओरखडे जुळायला हवेत. तोंडी गोष्टीला शून्य मोल. पुरावा असेल तर मात्र सगळे नियम उलटतात. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरच्या काळ्या स्ट्रॅटमध्ये नेक, पिकअप, पिकगार्ड असं कितीतरी वर्षानुवर्षं बदललं गेलं होतं, आणि २०१९ च्या लिलावात ती जवळपास ४० लाख डॉलरना गेली.

गिटार देशाबाहेर न्यायची असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक गिटारींचे फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोजवूडचे आहेत आणि त्या लाकडावर १९९२ पासून सर्वात कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडू नये. तुमच्या मेपल बोर्डच्या गिटारला हा प्रश्न नाही.

भाव ठरवताना मागितलेल्या किमती बघू नका, झालेले व्यवहार बघा. कोणीही कितीही मागू शकतं आणि न विकल्या गेलेल्या गिटारी जाहिरातीत वर्षभर त्याच आकड्यावर दिसतात. त्याच सालाच्या, त्याच अवस्थेच्या पाच-सहा खरोखर विकल्या गेलेल्या गिटारी शोधा आणि पूर्ण मूळ गिटारचा सरासरी भाव धरा. मग वजाबाकी करा. तुमच्या बाबतीत मी असं करेन: पिकगार्ड उघडल्यावर लाकूड न कोरलेलं, काळा रंग मूळचा आणि पॉट १९७४ च्या आसपासचे निघाले, तर मूळ भावातून पिकअपचा संच आणि लागल्यास फ्रेटचा खर्च वजा करून उरेल तेवढं आनंदाने द्या. लाकूड कोरलेलं निघालं किंवा रंग नंतरचा निघाला, तर तो भाव निम्म्याच्या आसपास धरून तिथून बोलणी सुरू करा. दोन्ही निघाले तर नव्या चांगल्या गिटारच्या किमतीच्या वर जाऊ नका, नेक कितीही आवडला असला तरी.

उघडताना तारा पूर्ण सैल करा, ट्रेमोलोच्या स्प्रिंगांची ओढ लक्षात ठेवा, आणि स्क्रू ज्या भोकातून निघाले त्याच भोकात परत जातील असे मांडून ठेवा. पॉटचे आकडे, पोकळ्या, नेकचं टोक, पट्टीवरचा नंबर, सगळ्याचे फोटो विक्रेत्यासमोर काढा आणि काय बदललंय हे त्याच्याकडून दोन ओळींत लिहून घ्या. पुढे कधी विकायची वेळ आली तर पुढचा माणूस तुम्हाला हेच विचारणार आहे.